कांदेनवमीचं वांगं आणि आमदार

आमदाराशी कसं बोलावं, हे आमच्या गावानं वांग्याच्या भाजीवर शिकून घेतलं.

गाव मूर्तिजापूरकडचं, गोष्ट साठ सालानंतरची. पुतणी चौथी पास झाली. पाचवीची शाळा नाल्यापलीकडच्या गावात, आणि पावसाळ्यात तो नाला असा माजायचा की त्याच्यापुढं गंगा म्हणजे न्हाणीतलं पाणी. पोरगी घरी बसली. तिची माय, म्हणजे आमची वहिनी, बसणाऱ्यांतली नव्हती. नाल्यावर रपटा पाहिजे, वरून थोडं पाणी गेलं तरी माणूस चालत जाईल असा बुटका दगडी पूल, एवढंच तिचं म्हणणं.

आमदारसाहेब उन्हाळ्यात येऊन गेले होते. आम्ही आधी त्यांना रोडगे खाऊ घातले, मग सारं गाव एकदम बोललं. कोणी विहीर मागितली, कोणी दवाखाना, एका म्हाताऱ्यानं तर सुनेची तक्रार सांगितली. साहेब "करून राहिलो, करून राहिलो" म्हणत लोडावर कलंडले. त्यांच्या घोरण्यानं पारावरची माकडं अकोल्याला पळाली, ती अजून परतली नाहीत.

वहिनी म्हणाली, "भाऊजी, तुमी लोकं आधी वाढता अन् मंग मांगता. पोट भरल्यावर कोन आयकते?"

तिनं साहेबांना आषाढातल्या कांदेनवमीचं आवतण धाडलं. साहेब चातुर्मास कडक पाळणारे आणि वांग्यावर जीव टाकणारे. ही नवमी हुकली की चार महिने वांगं बंद. नाल्याला पूर येणार हे वहिनीला ठाऊक होतं, असं मी म्हणत नाही. आदल्या दिवशी ती आभाळाकडं पाहून हसली, एवढंच मी पाहिलं.

दुपारी साहेबांची जीप पलीकडच्या काठावर थांबली. मधे गढूळ पाणी, अलीकडं चुलीवर भाजी. वास असा जबर की नाल्यातले मासे रस्सा मागायला वर आले.

साहेब ओरडले, "काय गा, कसा येऊ?"

सारं गाव पुन्हा एकदम बोललं. पाण्याच्या आवाजात एक अक्षर पोचलं नाही. मग वहिनीनं पदर खोचला. ती म्हशीला हाक मारायची तेव्हा मूर्तिजापूरच्या फलाटावर गार्ड इंजिनाची शिट्टी झाली समजून झेंडी खाली घ्यायचा.

"भाऊ, रपटा पाह्यजे!"

"रपाटा? काहून वो बाई, म्या काय केलं?"

"काई नाई केलं, म्हनूनच!"

साहेबांचा ड्रायव्हरसुद्धा स्टिअरिंगवर डोकं टेकून हसला.

"रपटा वो, दगडाचा! तुमाले एक दिस येता येत नाई, माह्या पोरीनं शाळेत रोज कसं जाव?"

"करून राहिलो!"

"थे नोका सांगू. कवा करता, थे सांगा!"

साहेबांनी पाण्याकडं पाहिलं, मग चुलीच्या धुराकडं.

"होळीच्या आत!"

"साऱ्या गावादेखत बोलले बरं!"

दिवस मावळायच्या आधी पाणी उतरलं. साहेब धोतर खोचून आले, जेवले, आणि दुसरी मागणी कोणी काढली नाही. विहीरवाल्याच्या तोंडात वहिनीनं वेळीच रोडगा कोंबला होता.

रपटा गुढीपाडव्यानंतर झाला. सरकारी होळी जरा उशिराच पेटते. पोरीचं एक वर्ष गेलं खरं. पण पुढच्या पावसाळ्यात वहिनीनं आधी स्वतः रपट्यावर जाऊन पाणी पाहिलं, मग पोरीला सोडलं. घोट्याएवढ्या पाण्यातून फटफट पाय आपटत पोरगी पलीकडं गेली आणि शाळेच्या वाटेला लागली.

"पाहा भाऊजी," वहिनी म्हणाली, "याच्यासाठी घसा फोडला म्या, अन् पोट्टी मांगं वयूनसुदा पाहत नाई!"

आणि अशी हसली की पलीकडच्या झाडावरचे सगळे बगळे उडाले. यात मात्र माझ्या पदरचं काही नाही.