डॉकच्या पायरीवरचा बर्फ

२००४च्या हिवाळ्यात मी अमेरिकेत शॉमबर्गजवळच्या एका गोदामाचं सॉफ्टवेअर सांभाळत होते. पुण्याहून व्हिसावर आलेली, म्हणजे पगार एका कंपनीचा आणि खुर्ची दुसऱ्या कंपनीत. गोदामाच्या मागे ट्रक लागायचे तो लोडिंग डॉक. तिथल्या लोखंडी पायऱ्यांवर छपराच्या फुटक्या पन्हळीतून पाणी गळायचं आणि गोठायचं.

डॉक सांभाळायला साठीच्या एक मेक्सिकन बाई होत्या. त्या ऑफिसात दोनदा येऊन म्हणाल्या, "पन्हळ दुरुस्त करा आणि बर्फ वितळवायला मीठ द्या." मागणी इतकी सोपी होती की कुणाला पटेना. सुरक्षा समितीने उबदार खोलीत डोनट खात तीन मीटिंगा घेतल्या आणि तक्रारीसाठी ऑनलाइन फॉर्म हवा असं ठरवलं.

तो मी केला. मन लावून केला. बर्फाची जाडी, बर्फाचा प्रकार, बर्फ प्रथम कुणी पाहिला, सगळ्याला रकाने होते. बाईंनी तो भरला. 'बर्फ कुठे आहे' याखाली लिहिलं, 'पायरीवर. कालही तिथेच होता.' सिस्टिमने तत्परतेने उत्तर दिलं: विचाराधीन.

त्याच आठवड्यात डॉकवरचा कम्प्युटर बघायला गेले आणि दुसऱ्याच पायरीवरून घसरले. मनगट मोडलं. बाईंनी आपलं जाकीट माझ्या अंगावर टाकलं आणि शेजारी बसून राहिल्या. सुरक्षा मॅनेजर धावत आले. चेहरा पांढराफटक.

"तू आमची एम्प्लॉयी नाहीस ना?" त्यांनी विचारलं.

"नाही, कॉन्ट्रॅक्टर."

त्यांच्या चेहऱ्यावर रंग परतला. "मग हा आमचा अपघात नाही," ते म्हणाले, आणि अगदी मनापासून मला लवकर बरं वाटो अशी इच्छा व्यक्त केली.

चार दिवसांनी प्लास्टर घालून परतले, तर बाई शिडी घेऊन पायऱ्यांपाशी उभ्या होत्या.

"एक हात चालतो ना? मग धर."

मी शिडी धरली. त्यांनी वर चढून पत्र्याचा तुकडा तारेने बांधला, पाणी बाजूला वळवलं. मग घरून आणलेलं मीठ पायऱ्यांवर पसरलं. वीस मिनिटं लागली. त्या हिवाळ्यात तिथे पुन्हा कुणी पडलं नाही.

पुढच्या मीटिंगला समितीने फॉर्मबद्दल माझं कौतुक केलं. मी म्हणाले, "फॉर्मने काही झालं नाही. बाईंनी शिडीवर चढून केलं." बोलण्यात माझा हेतू चांगला होता. समितीने 'शिडी' एवढाच शब्द ऐकला. दोन दिवसांत बाईंना विनापरवानगी शिडी वापरल्याबद्दल लेखी ताकीद मिळाली.

मी माफी मागायला गेले. "माझ्यामुळे झालं," म्हणाले.

"तू खरं सांगितलंस," त्या म्हणाल्या. "फक्त चुकीच्या खोलीत."

त्यांनी ताकिदीच्या कागदाची घडी घालून खिशात ठेवली आणि रिव्हर्समध्ये डॉकला लागणाऱ्या ट्रकला हाताने दिशा दाखवायला गेल्या.