विदाउट गिव्ह बेल्ट

"सुनाओ बाबू, फिर से सुनाओ."

ठेकेदाराच्या साइट-ऑफिसात मी टायपिस्ट. चहाला जो कोणी इंजिनीअर येई, त्याच्यापुढे साहेब मला उभं करायचे. हातात मीच लिहिलेला अपघाताचा रिपोर्ट. मी वाचायचो, 'ही वॉज सेंट अप विदाउट गिव्ह बेल्ट.' सगळे हसायचे.

"विदाउट के बाद गिव्ह? गिव्हिंग! प्रिपोझिशन के बाद आय-एन-जी लगता है. जयभीम बोलने से इंग्लिश नहीं आती."

मीही हसलो. हो, हसलो.

भिलाईत तेव्हा कारखाना उभा राहत होता. भट्टीच्या सांगाड्यावरून मारोती खाली पडला. आमच्या भंडाऱ्याकडचा. दोन्ही पाय मोडले. त्यानं चढण्याआधी कमरेला बांधायचा सेफ्टी बेल्ट मागितला होता. नव्हताच. फोरमननं तसंच वर पाठवलं. मी तिथं उभा होतो. रिपोर्टात तेच लिहिलं होतं, मोडक्या इंग्रजीत.

साहेबांनी ती ओळ सुधारून दिली. मी मान खाली घालून टाइप केली. 'ही वेंट अप विदाउट वेअरिंग बेल्ट.' क्रियापद अगदी बरोबर.

"अब हुई ना इंग्लिश!" पाठीवर थाप पडली. खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं. खाली रिपोर्ट लिहिणारा म्हणून माझी सही तेवढी राहिली होती.

दुपारी मारोतीची बायको दाराशी आली. चूक त्याची ठरली तर कामही जाणार, ठेकेदारानं दिलेली झोपडीही. तिला ते ठाऊक होतं.

"भाऊ, काय लिवलं कागदात? सांगा ना मले."

मी मराठीत सांगू लागलो, "मारोती बेल्ट न घालता वर चढला, आणि..."

तिनं मला मध्येच थांबवलं.

"कोनता बेल्ट, भाऊ? देल्ला कोनं? तुमी तं तेथंच होते."

तेव्हा कळलं. साहेबांनी नुसतं क्रियापद सुधारलं नव्हतं. पाठवणारा काढून टाकला होता. चूक मारोतीच्या माथी मारली होती. आणि पुन्हा कोणी हसू नये म्हणून मी ते टाइप केलं होतं.

आत गेलो. कागद टेबलावर ठेवला.

"साहब, इसपे साइन नहीं करूँगा."

"क्यों? अब कौनसी ग्रामर गलत है?"

"ग्रामर सही है. बात झूठी है."

"निकल जा. तेरे जैसे बहुत घूमते हैं बाहर."

मिळालाही एक. आमच्यातलाच. त्यानं सही केली. मारोती दवाखान्यात असतानाच त्याला कामावरून काढलं. त्याच्या बायकोला मी तोंड दाखवलं नाही, शेजारच्या दुर्ग शहरात निघून गेलो. सही केली नाही, एवढ्यावरच इतकी वर्षं स्वतःला समजावत आलो. पण टाइप माझ्याच बोटांनी झालं होतं.

आजही टायपिंगच करतो. इंग्रजी अजून कच्चंच आहे. पण यापुढे पडलेल्या माणसाचा कागद माझ्यापुढे आला, तर त्याला वर कोणी पाठवलं ते पहिल्याच ओळीत लिहीन. नावानिशी. नोकरी गेली तरी.