पंचांनी घेतलेली चेहऱ्यांची परीक्षा

आरमोरीकडच्या एका गावात मी पत्रकं वाटायला गेलो, तेव्हा मोहाच्या झाडाखाली पंच बसले होते. एका लाकूडतोड्याला वाळीत टाकायचं की नाही, ते ठरायचं होतं. सागाची फांदी डोक्यावर आदळल्यापासून तो माणसं ओळखायचा, पण चेहऱ्यावर राग आहे की दुःख, हे त्याला कळत नसे. शेजारच्या मयताच्या घरी त्यानं मुकाट रडणाऱ्या विधवेला विचारलं होतं, "बाई, काऊन हासून राह्यली?"

"माज चढला याले," पंच म्हणाले.

"नाई भाऊ," त्याची बायको म्हणाली. "रोज तोंडं करून दाखवते मी, पण यायच्या ध्यानात राहत नाई."

मग पंचांनी खेळच मांडला. एकानं डोळे वटारले. "सांग, कसा दिसून राह्यलो मी?"

"खुशीत दिसता, भाऊ."

सगळे पोट धरून हसले. दुसऱ्यानं दात विचकले, तिसऱ्यानं रडका आव आणला. पानानं माखलेली ती तोंडं त्यानं निरखून पाहिली आणि दोन्ही वेळा चुकला. शेवटी निकाल लागला: यानं आता पंचांचीही टिंगल केली, म्हणून वाळीत.

मी म्हणालो, "परीक्षा तुम्ही घेतली, तो नापास झाला. मग बायको खरं बोलत होती ना?"

"पत्रकं वाट आन् निघ, पोरा."

निकालापेक्षा पंचांच्या हसण्यावर विसंबून लाकूडतोड्या निवांत झाला होता. "निपटलं ना बरोबर?" त्यानं बायकोला विचारलं.

"नाई निपटलं. मी रडून राह्यली, हे ध्यानात ठेवा."

त्यानं शहाण्या विद्यार्थ्यासारखी मान हलवली. मागे पंच अजून एकमेकांना डोळे वटारून दाखवत होते.