मैनाबाईंची मशेरी

पुण्यात वारज्याच्या गावठाणात मैनाबाईंच्या नाकाची दहशत होती. कचऱ्याची गाडी गल्लीच्या तोंडाशी आली की त्या आधी पदर नाकाला लावायच्या आणि मग गाडीवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायच्या. हॉटेलातली भाजी घाण, पिशवीतलं दूध घाण, फ्रीजमधली मळून ठेवलेली कणीक तर त्यांना बघवत नसे. एकदा सूरजने, त्यांच्या मुलाने, घरी पिझ्झा मागवला. त्यावरचं चीज तार धरून लोंबताना दिसलं मात्र, मैनाबाई भरल्या ताटावरून उठल्या. "शेंबूड खातायत, शेंबूड!" असं म्हणत त्या गॅलरीत जाऊन उभ्या राहिल्या, ते खोकं घराबाहेर जाईपर्यंत आत आल्या नाहीत.

अशा बाईच्या ताब्यात सुनेची तब्येत गेल्यावर दुसरं काय होणार? सून पूर्णिमा कात्रजची. बी.कॉम. झालेली, एका बिल्डरच्या ऑफिसात नोकरी करणारी, अंगाने किरकोळ. लग्नानंतर वर्षभराने तिला दिवस गेले आणि तिसऱ्या महिन्यात सगळं संपलं. मैनाबाईंनी निदान तिथल्या तिथे करून टाकलं. "बाहेरचं चरून चरून पोटात उकिरडा केलाय पोरीनं. उकिरड्यात गर्भ टिकंल व्हय?"

आता पुढचं मूल टिकलंच पाहिजे, म्हणून त्यांनी पूर्णिमाचं शरीर आतून सारवून काढायला घेतलं. खपली गव्हाची खीर, डिंकाचे लाडू, आळीव, घरच्या तुपाची धार. ऑफिसातल्या मैत्रिणीने दिलेला केक खाल्लाय हे नुसत्या वासावरून ओळखून त्यांनी सुनेला पुन्हा पुन्हा चूळ भरायला लावली होती. पूर्णिमा मुकाट्याने सगळं गिळायची, कारण मूल तिलाही हवं होतं, सासूपेक्षा कितीतरी जास्त हवं होतं.

एवढ्या सगळ्या किळसवाण्या जगात एक गोष्ट मात्र मैनाबाईंना स्वच्छ वाटायची. रोज सकाळी मागच्या गॅलरीत त्या फुटक्या तव्यावर तंबाखू भाजायच्या. पार काळी होईपर्यंत. त्या धुराने शेजारच्या बिल्डिंगमधले लोक खिडक्या लावून घ्यायचे. मग ती काळी पूड बोटावर घेऊन हिरड्यांवर घासत त्या निवांत बसायच्या. ओठाच्या कोपऱ्यातून काळी लाळ ओघळायची, मोरीत पिचकारी पडायची, तिचे ओघळ फरशीवर वाळायचे. दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर मैनाबाईंनी त्याला उंबऱ्याबाहेर काढलं असतं. पण ही मशेरी. मशेरीने दात साफ होतात, पोट साफ होतं. तिला घाण म्हणणारा माणूस त्यांना अजून भेटायचा होता.

पूर्णिमाला नवी नवरी असताना त्या वासाने मळमळायचं. मग पहिले दिवस जायच्या आधीच एकदा तिची दाढ ठणकायला लागली. रडून रडून तिचे डोळे सुजले, तेव्हा मैनाबाईंनी तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि आपल्याच बोटाने तिच्या हिरडीवर मशेरी लावली. डोकं गरगरलं, पण कळ थांबली. दुसऱ्या दिवशी पुन्हा लावली. दाढ काढून टाकली तरी मशेरी राहिली. सकाळी दोघी गॅलरीत शेजारी शेजारी बसायच्या, आणि दिवसभरात मैनाबाई सुनेला काही टोचून बोलत नसत असा तेवढाच वेळ होता. पूर्णिमाला तो आवडायचा, खोटं कशाला सांगा.

पुन्हा दिवस राहण्याआधी एकदा तपासून घ्यावं म्हणून पूर्णिमाने कर्वेनगरच्या डॉक्टर सुनीतींची वेळ घेतली. "पोटुशी न्हाई, आजारी न्हाई, अन् दवाखाना कशाला?" असं म्हणत मैनाबाई सोबत गेल्या. तिथल्या फिनेलच्या वासालाही त्यांनी नाक मुरडलं.

डॉक्टर सुनीती पेठेतल्या. आवाज न चढवता सोलून काढणाऱ्या.

"चिरंजीव कुठे आहेत?"

"कामावर गेलाय."

"मूल सुनेने एकटीनेच आणायचं ठरलंय का? पुढच्या वेळी त्यांनाही आणा, त्यांच्याही तपासण्या असतात."

मग त्यांनी रक्त तपासायला सांगितलं, थायरॉईड, साखर, हिमोग्लोबिन. फॉलिक ॲसिडची गोळी दिवस राहायच्या आधीपासूनच सुरू करायची, हे सांगितलं. आणि विचारलं, "सिगारेट, दारू, तंबाखू?"

"आमच्या घरातल्या बायका तसल्या न्हाईत," मैनाबाई ठसक्यात म्हणाल्या. पूर्णिमानेही मान हलवली.

डॉक्टरांनी तिचे डोळे पाहिले, जीभ पाहिली, आणि खालचा ओठ जरा ओढून धरला. "हिरड्या अशा का? दात कशाने घासता?"

"मशेरीने," पूर्णिमा सरळ म्हणाली.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "मग तंबाखू नाही म्हणून मघाशी मान कशाला हलवलीत?"

मैनाबाईंना हसूच आलं. एवढी शिकलेली बाई! "अहो, ती भाजलेली असती. पार कोळसा हुईस्तवर. भाजल्यावर तिच्यात काय ऱ्हातंय?"

"विष राहतं. हिरडीतून रक्तात जातं, रक्तातून बाळाकडे. मूल पडायची भीती वाढते, जगलं तर वजन कमी भरतं. पहिलं त्यामुळेच गेलं असं मी म्हणणार नाही, ते आता कुणालाच सांगता येणार नाही. पण दिवस राहण्याआधी हे सुटलं पाहिजे."

 मैनाबाई खुर्चीच्या दांड्याकडे बघत म्हणाल्या, "माजी तीन गेली. सूरजच्या आदी."

पूर्णिमाला हे माहीत नव्हतं. घरात कुणी कधी बोललंच नव्हतं.

"तेव्हाही मशेरी लावायचात?"

"परकर नेसत हुते तवापासनं."

 डॉक्टर सुनीतींनी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला.

घरी आल्या आल्या मैनाबाईंनी सगळी तंबाखू कचऱ्याच्या गाडीत टाकली, तवाही टाकला. पण तलफ काही गाडीत टाकता येत नाही. पूर्णिमाचं डोकं ठणकायचं, ऑफिसात ती कुणावरही खेकसायची. मैनाबाईंनी कसेबसे चार-पाच दिवस काढले आणि एका सकाळी शेजारच्या हिराबाईकडे जाऊन, तिच्या मोरीत उभं राहून, चोरून लावून आल्या. खळखळून चुळा भरल्या, तोंडात बडीशेप टाकली आणि घरात शिरल्या.

पूर्णिमा दारातच होती. तिने ओळखलं. आता ही चिडणार, आपलीच हजेरी घेणार, म्हणून मैनाबाईंनी मान वळवली. पण पूर्णिमा चिडली नाही. ती जवळ आली, आणखी जवळ आली, सासूच्या तोंडापाशी तोंड नेऊन, डोळे मिटून, तिने तो वास खोल छातीत ओढून घेतला. पुन्हा एकदा ओढला.

मैनाबाईंच्या अंगावर सर्रकन काटा आला. आयुष्यात हजार गोष्टींची त्यांना शिसारी आली होती, पण अशी कधीच नाही. त्यांनी सुनेला दोन्ही हातांनी दूर ढकललं, मोरी गाठली आणि त्या भडाभडा ओकल्या. काळं, पिवळं, सगळं.

पूर्णिमा मागे येऊन उभी राहिली. "आई, चिमूटभर द्या ना. आजच्या दिवस. तुम्हीच तर लावलीत मला."

"व्हय, मीच लावली." मैनाबाईंनी तोंड पुसलं. "माज्या सासूनं मला कदी न्हाई म्हटलं न्हाई. लई मायेची बाई. तीन पोरं पुरली मी, तरी दर बारीला रडू नको म्हणून तीच चिमूट हातावर ठेवायची." त्यांनी खाली बसकण मारली. "मला शिव्या दे, वाईट म्हण, म्हायेरी निघून जा. पर मी देनार न्हाई."