कॅप्टनची पाकिटं

रिपोर्ट बघून माझं डोकंच फिरलं. औषधाचा कोर्स संपला होता, तरी प्रणालीचं व्हिटॅमिन डी जवळपास होतं तिथंच. जिल्हा संघाची निवड चाचणी तोंडावर आलेली, आणि नडगी दाबली की पोरगी अजून कळवळत होती.

मी कर्जतला फिजिओथेरपिस्ट आहे. प्रणाली कशेळ्याजवळच्या गावातल्या मुलींच्या कबड्डी संघाची कॅप्टन. ज्युनिअर गटातलं तिचं हे शेवटचं वर्ष. निवड झाली तर खेळ, नाहीतर नुसती नोकरी, असं घरी ठरलं होतं.

पहिल्यांदा आली तेव्हा नडगीच्या हाडाला बारीक चीर निघाली. आम्ही त्याला स्ट्रेस फ्रॅक्चर म्हणतो. ते पडल्यानं होत नाही, एकाच जागी रोज ताण बसून होतं. त्यात व्हिटॅमिन डी फारच कमी. ते नसलं की खाल्लेलं कॅल्शियम अंगी लागत नाही. हाडं कच्ची राहतात, स्नायूही लवकर थकतात.

तिचे वडील वैतागले. "आमी शेतकरी माणसं. उन्हाची कमी आमाला?"

म्हटलं, तुम्हाला नाही, हिला आहे. खालापूरकडच्या कंपनीत ती पॅकिंगला. उजाडायच्या आत घर सोडायचं, दिवे लागल्यावर यायचं, मग हॅलोजनखाली प्रॅक्टिस. रविवारी बाहेर पडली तरी काळी पडेल म्हणून आई तिला डोक्यापासून बोटांपर्यंत गुंडाळणार. ऊन लागणार कधी अंगाला?

हाडांच्या डॉक्टरांनी व्हिटॅमिन डीच्या पावडरचं आठवड्याला एक पाकीट दुधातून घ्यायला सांगितलं. पळणं, उड्या बंद. मी बसून करायचे व्यायाम दिले. तिनं सगळं मुकाट्यानं पाळलं. म्हणून तर आता मला काही सुचेना. आधी लॅबवर संशय घेतला. मग तिलाच विचारलं, पाकिटं घेतलीस ना गं?

"एक घेतलं."

"आणि बाकीची?"

ती खाली बघत म्हणाली, "संघात वाटली. पाय सगळ्यांचेच दुखतात, मॅडम. मी एकटीच कशी पिऊ?"

त्यांच्या संघाची रीतच तशी. बक्षिसातली केळी असोत की कुणाच्या घरचे लाडू, सगळ्यांना सारखे, आणि कॅप्टननं शेवटी घ्यायचं. औषधही तिनं त्यातच धरलं. एकेका पाकिटानं कुणाचंच भागलं नाही. मी चांगली झापणार होते, पण आधी तिला घेऊन डॉक्टरांकडं गेले.

डॉक्टरांनी खेळायला सपशेल नकार दिला. चीर वाढली तर हाडच तुटेल, म्हणाले. चाचणीला मी गेले होते. प्रणाली रेषेबाहेर बसून पोरींना ओरडून सांगत होती, डावीकडं बघ, बोनस घे. घसा बसला तिचा. मला तिथं थांबवेना. आजही आठवलं की फार वाईट वाटतं.

आता कुणी खेळाडू आला की मी अख्ख्या संघाला बोलावते, तपासायला पाठवते. ज्याचं पाकीट त्यानंच घ्यायचं, हे तोंडावर बजावते.

प्रणालीनं नंतर पुरा कोर्स एकटीनं घेतला. परवा बाजारात भेटली. पाय कसा आहे, विचारलं.

"एकदम मस्त, मॅडम. कंपनीची बस सुटली तरी पळत जाऊन पकडते."