दारात गाडी असताना

अक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी ज्वारी निवडत बसले होते. पुतण्या म्हणाला, "काकू, आई गेली... झोपेतच गेली." रडू यायच्या आधी मला राग आला. आता महिना होत आला, पण तो राग काही उतरायला तयार नाही. कुणाचा राग, ते सांगायचं तर त्या काळ्या मोटारीपासून सुरुवात करावी लागेल.

अक्का माझी थोरली जाऊ. तोंडावर मी तिला 'अहो अक्का' म्हणायचे, पण मनात ती कायम 'ती'च होती. सत्तरच्या दशकात लग्न होऊन मी जिंतूरच्या घरात आले, तेव्हा ती त्या घरात चांगली मुरलेली होती. तिचं माहेर गंगाखेडचं, गोदावरीच्या काठचं, आणि तिथं तिची आई एकटी. आमचे सासरे, त्यांना आम्ही मामंजी म्हणायचो, त्यांनी एक जुनी काळी मोटार घेतली होती. मग काय विचारता रुबाब! घरात नियमच झाला, "दारात गाडी असताना सून यष्टीत बसनार? लोक तोंडात शेन घालतील." झालं, यष्टी बंद. आणि ती मोटार काही अक्काला माहेरी पोचवायची नाही.

पंचमीला रस्त्यात चिखल, दिवाळीला घरात पाहुणे, म्हणून अक्काच्या वाट्याला माहेर यायचं ते उन्हाळ्यात. थोरले दीर, म्हणजे तिचे मालक, गाडी चालवायचे. सोबतीला सासूबाई, आमच्या आत्याबाई. बोरी गाव मागं पडलं की इंजिन फटफट करायचं, एखादा ठोका गाळायचं, आचके द्यायचं आणि नेमकं एका लिंबाखाली बंद पडायचं. लिंबाच्या बुडाशी शेंदूर लावलेला म्हसोबा. आत्याबाई नारळ फोडायच्या, सगळे सावलीत बसायचे आणि तासाभरानं गाडी सुरू व्हायची. पण पुढं पुन्हा अडली तर काय, म्हणून तोंड फिरवून, उन्हं कलता कलता, सरळ घरी! आत्याबाई दारातून आत येता येताच म्हणायच्या, "बगा, घराकडं निगाली की कशी पळती. हिचा पायगुनच तसला. म्हसोबा हिला जाऊ देत न्हाई." अक्का लुगडं बदलून चुलीपुढं बसायची. मला मात्र मस्तकात जायचं.

बरं, दिरांनी काय कमी केलं? प्लग बदलले, पॉइंट घासले, पेट्रोलचा पंप खोलला. परभणीचा मिस्त्री आणला. तो सकाळी आला, गाडी सुरू केली, चहा पिऊन म्हणाला, "गाडी तो एकदम चंगी हाय." अक्का दाराआडून हळूच म्हणाली, "ताप उतरल्यावर मानूस दवाखान्यात नेलं तर डाक्टर काय म्हननार?" कुणी लक्ष दिलं नाही. मी दिलं. रात्री भांडी घासताना ती मला म्हणाली, "इंदू, मामंजी कोर्टाच्या कामाला परभनीला जातेत, तवा गाडी एकदा तरी बंद पडली का गं? ते पहाटं जातेत. मी समद्यांची जेवनं उरकून, भांडी घासून निगते, भर दुपारी. सूनबाईनं आदी निगायचं न्हाई ना. गाडी मला बगून न्हाई, उन्हाला बगून बंद पडायलीय."

अगं बाई! एवढी साधी गोष्ट, आणि घरभर कुणाच्या ध्यानात नाही.

एकदा मामंजी आणि आत्याबाई नातेवाइकांच्या जीपमधून पूर्णेला लग्नाला गेले. त्या दुपारी अक्कानं नवऱ्याला गाठलं. "गाडी अंगनात उन्हात लावा, बॉनेट झाकून ठिवा आन् चालू ठिवा." दीर म्हणाले, "फुकट पेट्रोल जाळायलीस व्हय?" पण ऐकलं बिचाऱ्यांनी. स्वभावानं वाईट नव्हते, बापापुढं जीभ उचलायची नाही एवढंच. बऱ्याच वेळानं इंजिन ठोका गाळायला लागलं. दिरांनी बॉनेट उघडलं, प्लगची वायर काढून लोखंडाजवळ धरली. एरवी निळी, कडक उडणारी ठिणगी आता पिवळट आणि मरतुकडी. अक्का एकेका भागाला बोट लावत गेली आणि ठिणगीला वीज देणाऱ्या डबीला, म्हणजे कॉइलला, लावताच तिनं हात झटकला. तव्यासारखी तापली होती. तिनं जुन्या लुगड्याचा तुकडा माठात बुडवून कॉइलवर टाकला. वाफ निघाली, इंजिन जरा वेळानं सरळ चालायला लागलं. फडकं काढलं, थोड्या वेळात पुन्हा आचके. टाकलं की सरळ. दीर मटकन खाली बसले. "च्यायला, म्हसोबानं उगंच नारळं खाल्ली की!" आम्ही दोघी पोट धरून हसलो. त्या घरात एवढं मोठ्यानं मी तिला त्याआधी हसताना पाहिलं नव्हतं.

नवी कॉइल बसली. पुढच्या खेपेला भर दुपारी मोटार लिंबावरून न थांबता गेली, आत्याबाईंनी धावत्या गाडीतूनच हात जोडले. अक्का आठवडाभर आईजवळ राहून आली, तोंडावर तेज घेऊन. मला वाटलं, सुटली बाई एकदाची.

कसली सुटतेय! मामंजींनी हिशेब वेगळाच केला. गाडी आता दगा देत नाही म्हटल्यावर ती जिंतूर-परभणी भाड्यानं लावली. दीर दिवसभर रस्त्यावर. अक्कानं माहेरचं नाव काढलं की उत्तर तयार, "गाडी मोकळी न्हाई." यष्टीचं विचारलं तर पुन्हा तेच, दारात गाडी असताना...? पुढच्या वेळी ती गंगाखेडला गेली ती आईच्या मातीला. तिथून आल्यावर बऱ्याच दिवसांनी, पीठ मळता मळता म्हणाली, "जुनीच कॉइल बरी व्हती गं इंदू. त्या लिंबाखाली तासभर बसाया तरी मिळायचं." मी रडले, ती नाही.

ती जुनी कॉइल तिनं टाकू दिली नाही. घासूनपुसून सैपाकघराच्या खिडकीत ठेवली होती. मी चिडले की ती तिच्याकडं बोट दाखवायची, "इंदू, तापली व्हय तुजी कॉइल? फडकं टाकू का?" जवळजवळ पन्नास वर्षं तीच चेष्टा, आणि दर वेळी मला हसू यायचं.

जिंतूरच्या घरी चौदावा झाल्यावर खिडकीतली कॉइल मी पिशवीत घातली, गंगाखेडला जाऊन येते म्हणाले आणि चप्पल पायात सरकवली. पुतण्या मागं धावत आला, "काकू, गंगाखेडला ना? मी सोडतो की! दारात गाडी असताना यष्टीनं कशाला?" पोरगं मायेनंच बोललं, त्याला काय ठाऊक. मी म्हणाले, "ऱ्हाऊ दे बाबा. तुज्या आईचं यष्टीनं जायाचं ऱ्हायलंय."

खिडकीजवळची जागा मिळाली. पिशवी मी मांडीवर घेतली. कंडक्टर आला, मी दोन गंगाखेड मागितली. त्यानं इकडंतिकडं पाहिलं, "दुसरं कोन हाय, आजी?"

म्हणाले, "तुमी फाडा."