सायलेन्सरचा पाईप आणि बिराचा हात

चीनच्या लढाईनंतरच्या वर्षी आमची कंपनी साताऱ्याबाहेर तंबूंत होती. मी हुद्द्यानं नाईक, वर्कशॉपचा इनचार्ज, गाव औंध. हवालदारकीसाठी माझं नाव वर गेलं होतं, त्यामुळे पाय जमिनीवर नव्हते. सकाळी साडेसहाला फॉल-इन, सातला वर्कशॉप, आणि ज्याची मोटारसायकल त्यानंच ती खोलायची, असा माझा कायदा.

शिपाई बिरा कोळेकर डिस्पॅच रायडर होता, म्हणजे मोटारसायकलवरून हुकमाचे कागद पोचवणारा. तासगावच्या पूर्वेच्या कोरड्या पट्ट्यातला धनगराचा मुलगा. फारसा बोलत नसे, आणि तेच माझ्या डोक्यात जाई.

एका दुपारी त्याच्या गाडीचा चिरलेला सायलेन्सर बदलायचा होता. पाईप कार्बन धरून इंजिनाच्या हेडमध्ये रुतून बसला होता. रॉकेल सोडून ठेवू, पहाटे लाकडी हातोडीनं सुटेल, असं बिरा म्हणाला. बरोबर होतं त्याचं. पण चार जणांदेखत त्यानं मला शिकवावं, हे मला झोंबलं.

मी इंजिन दहा मिनिटं चालू ठेवून बंद केलं. हेड तापलं की पाईप सैल होतो, मग गोणपाटानं धरून ओढायचा असतो. बिरा गोणपाट उचलायला वाकला, तसा मी त्यावर बूट ठेवला.

"मेंढरं वळणारा हात हाय न्हवं? वढ तसाच."

तिसऱ्या हिसक्याला पाईप निघाला. उजव्या तळव्याचं कातडं पाईपालाच चिकटून राहिलं. चौघे हसले. मीही हसलो.

त्याला एम.आय. रूममध्ये, म्हणजे कंपनीच्या दवाखान्यात, पाठवलं असतं तर डॉक्टरनं विचारलं असतं, कसं भाजलं. माझी हवालदारकी गेली असती. मी तळव्यावर ग्रीस थापलं, चिंधी बांधली, वर हातमोजा चढवायला लावला. तोंड उघडलंस तर याद राख, असं बजावलं. त्यानं उघडलं नाही.

दुसऱ्या दिवशी सहाला तो डाक घेऊन लोणंद स्टेशनकडे निघाला. आठला फोन आला. सालपे घाटाच्या उतारावर वळण चुकून गाडी दरीत गेली होती. पुढचा ब्रेक उजव्या हाताचा असतो. चौकशीत चिंधीखाली कुणी पाहिलं नाही, रायडरची चूक लिहिली गेली. गाडी ठीक होती, याचा साक्षीदार म्हणून सही माझी.

त्याच मुलखाकडचा म्हणून प्रेत घेऊन मलाच धाडलं. बापानं चिंधी सोडली आणि तळवा बराच वेळ पाहिला. गाडीखाली सापडल्यावर भाजला असेल, चिंधी मागून कुणी बांधली असेल, असं मी सांगितलं.

"आवं, आमी मेंढरांस्नी डाग देतो," तो म्हणाला. "ताजा कसा दिसतो आन् दिसाभराचा कसा, कळतंय आमाला. ह्यो आदल्या दिवसाचा हाय."

मी चिंधी परत गुंडाळू लागलो.

"तुमी हुतासा तिथं?"

"न्हाई," मी म्हणालो.

त्यानं मला प्यायला पाणी दिलं.

पुढे मी हवालदार झालो. बिरा लढाईत पडला नाही, म्हणून त्याचं नाव कुठल्याच दगडावर नाही. शिपाई बिरा कोळेकर, वय बावीस. त्याला मी मारलं.